नेम मांडीवरच

येऊर. ठाण्याच्या पाठीशी असलेली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही बाजू. सकाळच्या उन्हात प्लायवुडचं एक सांबर उभं केलंय. मांडीवर खडूनं वर्तुळ. पोट, छाती, कणा आणि डोकं यांवर फुल्या.

बंदूक खांद्याला लावलेला हा माणूस वनखात्याच्या बचाव पथकातला आहे. त्याच्या बंदुकीतून गोळी सुटत नाही, सुटते ती भुलीच्या औषधाची डार्ट.

ही डार्ट जवळून बघा. मागचा लाल गोंडा तिला हवेत सरळ ठेवतो आणि नेम चुकला तर गवतात शोधायलाही उपयोगी पडतो. नळीत दोन कप्पे आहेत. पुढच्यात औषध, मागच्यात दाबून भरलेली हवा. सुईचं टोक बंद आहे. भोकं बाजूला आहेत, आणि त्यांवर सिलिकॉनची बारीक नळी चढवलेली. सुई कातडीत शिरली की ही नळी मागे सरकते, भोकं मोकळी होतात आणि मागची हवा औषध आत ढकलते.

डार्ट गोळीपेक्षा कितीतरी हळू जाते, वाटेत खाली झुकते. म्हणून आधी अंतराचा अंदाज घ्यायचा, मग गेज बघून बंदुकीतल्या, डार्ट ढकलणाऱ्या गॅसचा दाब लावायचा. लांबच्या नेमासाठी लावलेला दाब जवळून वापरला तर हाडसुद्धा मोडू शकतं. दाब कमी पडला तर डार्ट आपटून खाली पडते आणि जनावर बिथरून पसार होतं.

मांडीच का? तिथला स्नायू जाड, औषध लवकर भिनतं. पोटात घुसलेली सुई आतड्यापर्यंत जाऊ शकते, छातीतली फुप्फुसापर्यंत. बिबट्यासाठी बहुधा केटामाइन आणि झायलाझिन वापरतात. मात्रा वजनावर ठरते, आणि वजन डॉक्टरांना लांबूनच, नजरेनं ठरवावं लागतं.

मांडी नीट दिसत नसेल किंवा मागे माणसं उभी असतील, तर ट्रिगर दाबायचा नाही. या सगळ्या सरावात मला हे थांबणंच सगळ्यात मोलाचं वाटलं.

हरणाच्या बाबतीत तर आणखी जपावं लागतं. पाठलागानं भेदरलेल्या हरणाचे स्नायू आतून निकामी होऊ शकतात. डार्ट अचूक बसली, जनावर उठून चालू लागलं, तरी काही दिवसांनी ते दगावू शकतं. म्हणून ते आडवं झालं की आधी डोळ्यांवर पट्टी बांधायची, आणि कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

ही सीसीटीव्हीतली दृश्यं 20 फेब्रुवारी 2019 ची, ठाण्याच्या कोरम मॉलमधली. पहाटे इथे दिसलेला बिबट्या काही तासांनी जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात सापडला. भूल देऊन त्याला उद्यानात नेलं.

डार्ट लागल्यावर भूल चढायला काही मिनिटं जातात. त्या वेळात आरडाओरडा झाला, कुणी मागे धावलं, तर घाबरलेल्या जनावरावर औषध नीट चढत नाही आणि नेमबाजाची सगळी मेहनत वाया जाते. तुमच्या सोसायटीत बिबट्या दिसला तर वनखात्याचा 1926 क्रमांक लावा. पथक येईपर्यंत जिना आणि आवार मोकळं ठेवा, दारं लावून घ्या, आणि व्हिडिओ काढायला खाली उतरू नका.