कोण कोणामागे जातो: कळपातील प्राण्यांच्या नोंदींचे संख्याशास्त्र

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउथॅम्प्टन शहरालगत स्वेदलिंग नावाची वस्ती आहे. दारात ठेवलेल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणे उघडून काही लहान पक्षी आत चोच घालतात, अशी पहिली ज्ञात नोंद १९२१ साली या वस्तीत झाली. हे पक्षी टिट कुळातले, म्हणजे आपल्याकडील वल्गुलीचे नातलग. पुढील पंचवीस-तीस वर्षांत ही सवय ब्रिटनमधील अनेक गावांत आढळू लागली. १९४९ साली जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी ठिकठिकाणच्या निरीक्षकांकडून आलेल्या नोंदी एकत्र करून तिच्या प्रसाराचा आढावा प्रसिद्ध केला. टिट पक्षी आपला मुलूख सोडून फारसे दूर जात नाहीत. त्यामुळे ज्या भागात ही सवय पूर्वी कोठेच नव्हती तेथे ती एकाएकी उद्भवली, तर तो कोण्या पक्ष्याने लावलेला नवा शोध असावा, आणि त्यानंतर ती आसपासच्या वस्त्यांत दिसू लागली, तर ते एकमेकांकडून शिकणे असावे, असे साधारण अनुमान या आढाव्यातून निघत होते. अनुमान पटण्याजोगे आहे. मात्र तेच आकड्यांच्या आधारे सिद्ध करायचे म्हटले की एक अडचण उभी राहते, आणि आजचे भाषण त्या अडचणीविषयी आहे.

संख्याशास्त्रातील नेहमीच्या बहुतेक कसोट्या, प्रत्येक निरीक्षण दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे, असे गृहीत धरून चालतात. कळपात राहणारे प्राणी हे गृहीतक क्षणोक्षणी मोडत असतात. चितळांच्या कळपात एकीने मान वर केली की शेजारच्या दोघी-तिघीही मान वर करतात, आणि वहीत चार नोंदी होतात. परंतु त्या चार माना म्हणजे धोक्याचे चार स्वतंत्र पुरावे धरता येत नाहीत, कारण कदाचित धोका एकीनेच पाहिलेला असतो आणि इतरांनी केवळ तिला पाहिलेले असते. याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, दहा कळपांतील प्रत्येकी दहा, अशा एकंदर शंभर प्राण्यांचे आपण निरीक्षण केले आणि एकाच कळपातील कोणत्याही दोन प्राण्यांच्या वर्तनातील सहसंबंध ०.३ इतका निघाला. हा आकडा काही फार मोठा नव्हे. तरीदेखील कळपाची सरासरी काढताना नऊ सोबत्यांमुळे होणारी पुनरुक्ती एक अधिक नऊ गुणिले ०.३, म्हणजे ३.७ पट भरते, आणि आपल्या शंभर प्राण्यांचे वजन जेमतेम २७ स्वतंत्र प्राण्यांइतके उरते. हे लक्षात न घेता शंभरच्या हिशेबाने निष्कर्ष काढला, तर योगायोगालाही नियम समजण्याची चूक वारंवार होते. १९८४ साली स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी पर्यावरणशास्त्रातील १७६ प्रयोगांची या दृष्टीने छाननी केली, तेव्हा ज्यांत संख्याशास्त्रीय कसोट्या वापरल्या होत्या अशा प्रयोगांपैकी ४८ टक्क्यांत त्यांना हा दोष आढळला. त्या निबंधाने अनेकांची झोप उडवली असेल, आणि ती उडायलाच हवी होती.

यावर पहिला उपाय सुचतो तो हिशेबात प्रत्येक कळपाला त्याची स्वतःची सरासरी पातळी देण्याचा. संशोधक त्याला मिक्स्ड मॉडेल म्हणतात आणि आज तो सर्रास वापरला जातो. उपाय चांगला आहे, पण अपुरा आहे. एका कळपातील सगळे प्राणी एकमेकांशी सारखेच बांधलेले आहेत, असे त्यात मानले जाते. प्रत्यक्षात एक वानरी दिवसभर आपल्या बहिणीजवळ बसते आणि तिसरीकडे ढुंकूनही पाहत नाही. शिवाय प्रभाव दोन्ही बाजूंनी सारखा असतोच असे नाही. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डेरुप-एबे यांनी १९२२ साली कोंबड्यांतील चोची मारण्याच्या क्रमाचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याचे सारे मर्म या एकतर्फीपणात होते: पहिली दुसरीला टोचते, दुसरी पहिलीला टोचत नाही. वीस कोंबड्यांच्या खुराड्यात १९० जोड्या होतात आणि दिशा धरली तर ३८० नाती होतात, पण कोंबड्या वीसच राहतात. म्हणून कोण कोणाला टोचते याच्या तक्त्याचे प्रतिमान, म्हणजे गणिती नमुना, बांधताना टोचणारीचा स्वभाव, टोचून घेणारीचा स्वभाव आणि त्या दोघींमधील खास नाते, असे तीन घटक वेगवेगळे मोजावे लागतात.

येथपर्यंतचा विचार परस्परप्रभावाला हिशेबातील खोट समजून चालला होता. ज्याला त्या प्रभावाचाच अभ्यास करायचा आहे त्याचे काम आणखी कठीण आहे, कारण दोन प्राणी सारखे वागण्यामागे निदान तीन निरनिराळी कारणे असू शकतात आणि तिन्हींचा ठसा नोंदवहीत सारखाच उमटतो. एकाने दुसऱ्याचे पाहून तसे केले, हे पहिले कारण. दोघे मुळातच एका वळणाचे होते आणि म्हणून एकत्र राहत होते, हे दुसरे. धीट पिल्ले धीट पिल्लांच्याच संगतीत फिरत असतील, तर नवे खाद्य ती सगळी लवकर चाखतील आणि त्यासाठी कोणी कोणाकडून शिकण्याची गरज पडणार नाही. तिसरे कारण समान परिस्थितीचे. पावसाची सर आली की दादर स्थानकाबाहेर शेकडो छत्र्या एकाच वेळी उघडतात, पण त्या एकमेकींचे पाहून उघडलेल्या नसतात.

दुधाच्या बाटल्यांच्या बाबतीत नेमका हाच पेच होता. एखादी सवय अनुकरणाने पसरत असेल तर आरंभी ती संथ वाढते, मध्ये झपाट्याने वाढते आणि शिकण्याजोगे कोणी उरले नाही की मंदावते. आलेखावर इंग्रजी एस अक्षरासारखी वक्ररेषा उमटते. त्यामुळे तशी रेषा दिसली की अनुकरण सिद्ध झाले, असे बराच काळ मानले जात होते. परंतु प्रत्येक पक्षी स्वतःच्या बळावर शिकत असला आणि कोणी चटकन तर कोणी सावकाश शिकत असला, तरीही तशीच रेषा मिळू शकते. त्यातच १९८४ साली कॅनडात डेव्हिड शेरी आणि बेनेट गॅलेफ यांनी टिट कुळातील चिकाडी पक्ष्यांवर प्रयोग करून दाखवले, की दुसऱ्या पक्ष्याला झाकण उघडताना पाहिलेच पाहिजे असे नाही. आधीच उघडलेली डबी समोर आली तरी पक्षी पुढे बंद डबी उघडायला शिकतात. म्हणजे पहिल्या पक्ष्याने मागे ठेवलेली उघडी बाटलीसुद्धा शिक्षकाचे काम करू शकते. प्रभाव येथेही आहे, पण त्याला आपण ढोबळपणे अनुकरण म्हणत होतो तसा तो नाही.

२००९ साली मथियास फ्रान्झ आणि चार्ल्स नन यांनी, आणि पुढच्याच वर्षी विल्यम हॉपिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी, या पेचातून वाट काढणारी एक पद्धत मांडली. तिचा गाभा सोपा आहे. अद्याप न शिकलेल्या प्राण्याची शिकण्याची शक्यता दोन भागांची धरायची: एक भाग स्वतःहून शिकण्याचा, आणि दुसरा भाग त्याच्या जाणत्या सोबत्यांचा, तोही प्रत्येकाशी असलेल्या सहवासाच्या प्रमाणात. मग प्राणी प्रत्यक्षात ज्या क्रमाने किंवा ज्या वेळी शिकले, ते पाहून दुसऱ्या भागाचे वजन किती ठेवावे लागते हे काढायचे. ते वजन शून्य ठेवूनही घडलेला क्रम तितकाच संभाव्य वाटत असेल, तर सामाजिक शिक्षणाचा पुरावा नाही. या पद्धतीची ताकद अशी, की ती एकूण किती शिकले याऐवजी कोणानंतर कोण शिकले हे विचारते. तिची उणीवही तितकीच उघड आहे. नेहमी एकत्र असणारे पक्षी एकाच वेळी एकाच खाद्यपेटीपाशी पोहोचतात, त्यामुळे सहवासाच्या वेषात समान संधी हिशेबात शिरू शकते.

ती पळवाट बंद करण्याचे काम समीकरणापेक्षा प्रयोगाच्या आखणीने अधिक चांगले होते, असे प्रस्तुत वक्त्याचे मत आहे, आणि त्याचा उत्तम दाखला ऑक्सफर्डजवळच्या वायटम वनातील आहे. लुसी ॲप्लिन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात ग्रेट टिट पक्ष्यांसाठी एक पेटी ठेवली होती, जिचे सरकते दार डावीकडे किंवा उजवीकडे ढकलले तरी आतली अळी सारखीच मिळत असे. वनातील पाच उपगटांतून प्रत्येकी दोन पक्षी पकडून त्यांना यांपैकी एकच पद्धत शिकवली आणि परत सोडले. पायातील इलेक्ट्रॉनिक खुणेमुळे कोणता पक्षी केव्हा आला आणि त्याने दार कोणत्या बाजूला सरकवले, हे आपोआप नोंदले जात होते. प्रत्येक उपगटातील सरासरी ७५ टक्के पक्ष्यांपर्यंत ही विद्या पोहोचली आणि प्रत्येक उपगटात शिकवलेल्या पद्धतीचेच प्राबल्य राहिले. पक्षी केवळ पेटी सोपी होती म्हणून शिकले असते, तर एका उपगटात डावी आणि दुसऱ्यात उजवी बाजू रुजण्याचे काही कारण नव्हते.

या प्रयोगातील आकडे संख्येच्या दृष्टीने फार बोलके आहेत. पेटी उघडल्याच्या नोंदी ५७,९०९ होत्या आणि त्या करणारे पक्षी ४१४ होते. आता पक्षी दार कोणत्या बाजूला सरकवतो हे सुरुवातीला शिकवलेल्या दोन पक्ष्यांवर ठरते का, असा प्रश्न असेल, तर नमुन्याचा आकार किती धरायचा? ५७,९०९ नव्हे, ४१४ सुद्धा नव्हे. वेगवेगळी शिकवण उपगटांना दिली होती, म्हणून या प्रश्नापुरता तो आकार पाच आहे. उलट, एखादा पक्षी पहिल्यांदा केव्हा शिकला, असा प्रश्न असेल तर पक्षीच मोजावे लागतात, मात्र त्यांच्या परस्परसंबंधांसकट. नोंदींचा ढीग तोच राहतो आणि प्रश्नागणिक त्याचे वजन बदलते. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकली जाते.

नोंदींचा ढीग हल्ली किती वाढला आहे, याची कल्पना केनियातील लैकिपिया पठारावरच्या एम्पाला संशोधन केंद्रातील कामावरून येईल. तेथे एका टोळीतील सुमारे २५ बबून माकडांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून दर सेकंदाला प्रत्येकाचे स्थान टिपले गेले. दिवसाचे बारा तास धरले, तर एका दिवसात १० लाख ८० हजार स्थाने होतात. एका सेकंदापूर्वी माकड जेथे होते त्याच्या हातभर अंतरावरच ते पुढच्या सेकंदाला असणार, तेव्हा यांतील नवी माहिती थोडीच. म्हणून आरियाना स्ट्रँडबर्ग-पेश्किन, डेमियन फरीन, इयन कझिन आणि मार्गारेट क्रोफूट यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सेकंद मोजण्याऐवजी घटना मोजल्या: एक माकड दुसऱ्यापासून दूर चालू लागले, आणि मग दुसरे त्याच्यामागे गेले किंवा पहिलेच माघारी आले. निष्कर्ष असा निघाला, की टोळीतील वरचढ माकडामागे इतर माकडे विशेष जात नाहीत; पुढाकार घेणाऱ्या अनेकांची दिशा एक असेल तर मात्र जातात. पुढाकार घेणाऱ्यांच्या दोन दिशांमधील कोन लहान असेल तर ती मधला मार्ग धरतात आणि मोठा असेल तर दोहोंपैकी एक निवडतात. नामिबियातील बबूनांवरच्या २००८ सालच्या एका प्रयोगात याउलट, ठेवलेल्या खाद्याकडे टोळी वरचढ नरामागे गेली होती. या दोन निष्कर्षांत विसंगती शोधण्याची घाई करू नये, कारण एकीकडे रोजची भटकंती मोजली होती आणि दुसरीकडे मूठभरांनाच पुरेल असे खाद्य मुद्दाम मांडले होते.

तरीही छत्र्यांचा आक्षेप उरतोच. सगळी माकडे एका पायवाटेवरून जात असतील, तर ती एकमेकांमागे जातात की वाटेमागे? एम्पालाच्या गटाने २०१७ साली परिसराचा त्रिमितीय नकाशा तयार करून हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. प्रत्येक पावलाला माकडाने निवडलेली जागा आणि त्याला जाता आले असते अशा इतर जागा यांची तुलना करून, रस्ता, दाट झुडपे, रात्रीच्या मुक्कामाची जागा आणि सोबत्यांची पावले यांपैकी कशाचे वजन किती, हे त्यांनी मोजले. या सगळ्यांचा वाटा निघाला, पण सोबती नुकतेच जेथून गेले त्या जागेकडे वळण्याची प्रवृत्ती सर्वांत प्रबळ ठरली. नकाशात न आलेले एखादे आकर्षण, उदाहरणार्थ खाली पडलेल्या शेंगा, सर्वांनाच तिकडे खेचत असेल, ही शंका अशा प्रतिमानातून पुरती जात नाही.

अशा पुष्कळ अभ्यासांत आणखी एक कसोटी वापरतात. कोण कोणाबरोबर दिसले याच्या नोंदी संगणकाने हजारो वेळा पिसायच्या आणि खऱ्या नोंदींतून बनणारे सहवासाचे जाळे पिसलेल्या नोंदींच्या जाळ्यांपेक्षा वेगळे दिसते का ते पाहायचे. प्राणी एकमेकांना निवडतात की योगायोगाने भेटतात, या प्रश्नाला ती योग्य आहे. पण तीच कसोटी वय किंवा लिंग यांचा जाळ्यातील स्थानाशी संबंध शोधण्यासाठी वापरली, तर नसलेले संबंधही दिसू लागतात, हे २०२१ साली दाखवून दिले गेले. लोकप्रिय साधन दुसऱ्याच प्रश्नाला लावल्याचा हा परिणाम होता.

आता आपल्या देशातील एक काम. दक्षिण भारतात सर्वत्र आढळणाऱ्या रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांचे सहकारी अनेक दशके संशोधन करीत आले आहेत. प्रत्येक माशीवर रंगाची खूण करून तिच्या वेळेचा हिशेब त्यांनी ठेवला, आणि १९८३ साली एन. व्ही. जोशी यांच्यासह केलेल्या विश्लेषणातून बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि अन्न आणणाऱ्या असे माश्यांचे तीन वर्ग काढले. या जातीची राणी शांत असते. तिला घरट्यातून काढले की कामकरी माश्यांपैकी एक एकाएकी आक्रमक होते आणि पुढे तीच राणी बनते. ती कोण असेल, हे राणी असतानाच्या वर्तनावरून निश्चितपणे ओळखता येत नव्हते.

तेव्हा अनिंदिता भद्र आणि गदगकर यांनी, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, घरटे मधोमध कापून दोन भागांत जाळी घातली, माश्या दोन्हीकडे वाटल्या आणि राणी एका बाजूला ठेवली. राणी नसलेल्या बाजूला एक माशी आक्रमक झाली. मग राणीची आणि तिची अदलाबदल केली. काही घरट्यांत ती नव्या बाजूलाही वारसदार म्हणून राहिली, तर काहींत तेथील दुसरीच माशी पुढे आली आणि पहिलीने जागा सोडली. वारस आधीच ठरलेली असेल, तर वाटणीत ती कधी या बाजूला, कधी त्या बाजूला जाणार, आणि निकाल असेच दोन प्रकारचे यायला हवेत. निरीक्षकांच्या तक्त्यांत जिचे वेगळेपण दिसत नव्हते, तिला घरट्यातील इतर माश्या आधीपासून ओळखत असाव्यात, असा निष्कर्ष त्यांनी काढला.