मोठा शब्द जोडावर सापडतो

(एका वाचनालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दहावीची कृतिपत्रिका ज्यांच्या घरात येऊन गेली आहे, त्यांना हा प्रश्न ओळखीचा असेल. इंग्रजीच्या पेपरात सुरुवातीलाच एक शब्द देतात आणि सांगतात, यातली अक्षरं वापरून चार शब्द तयार करा, प्रत्येक शब्द किमान तीन अक्षरांचा हवा. मुलं काय लिहितात? कॅट, कट, टेन, डॉट. झाले चार, चला पुढे. माझा सगळा राग त्या ‘किमान’वर आहे. किमान तीन सांगितल्यावर चौथ्या अक्षराकडे कोण बघणार? कमाल किती, हे विचारा ना! तिथे खरी गंमत आहे, आणि आजचा विषयही तोच आहे. दिलेल्या अक्षरांतून इंग्रजीतला मोठ्यात मोठा शब्द काढायचा कसा? शेवटी संगणक हे काम कसं करतो तेही सांगायचं आहे, तेवढी वेळ आयोजकांनी राखून ठेवावी.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. एका वर्गात फळ्यावर ‘एज्युकेशन’ लिहिलं आणि म्हटलं, आज छोटे शब्द नकोत, सगळ्यात मोठा कोण काढतो बघू. थोडा वेळ ‘नेशन’वर वाद झाला. कुणी दुसरा एन कुठून आणलास म्हणून त्याला अडवलं, ते बरोबरच होतं. मग एक मुलगी उठली, खडू घेतला आणि उजवीकडून लिहायला लागली. उजवीकडून, हे लक्षात ठेवा. आधी शेवटी ई-डी लिहिलं. त्याच्या अलीकडे टी-आय-ओ-एन. डावीकडे जागा मोकळी. उरली तीन अक्षरं, यू, सी आणि ए. ती क्षणभर थांबली आणि सी-ए-यू भरलं. कॉशन्ड! म्हणजे सावध केलं, ताकीद दिली. नऊच्या नऊ अक्षरं वापरून, एकही शिल्लक न ठेवता.

वर्ग गप्प. मग एक मुलगा म्हणाला, सर, तीच तीन अक्षरं फिरवली तर आयपीएलचं ऑक्शन होतं की! ए-यू-सी, पुढे टी-आय-ओ-एन, पुढे ई-डी. ऑक्शन्ड. लिलाव केला. त्या दिवशी आमच्या वर्गात शिक्षणाचा लिलाव झाला आणि मला फार आनंद झाला.

(हशा)

तुम्ही हसलात, पण त्या मुलीनं काय केलं ते बघा. तिला ‘कॉशन्ड’ आधीपासून आठवत नव्हता. तिनं नऊ अक्षरं मनात उलटीपालटी केली नाहीत. भूतकाळी रूपाला ई-डी लागतं हे तिला माहीत होतं, टी-आय-ओ-एन एकत्र येतात हे माहीत होतं. ते दोन तुकडे तिनं बाजूला काढले आणि नऊ अक्षरांचं कोडं तीन अक्षरांवर आणलं. पुढे सराव परीक्षेत हीच पोर असा एक लांब शब्द लिहून आली. गुण पूर्ण मिळाले, पण तपासणाऱ्यानं बाजूला शेरा दिला होता, ‘तीन अक्षरी शब्द पुरेसे, वेळ वाया घालवू नये.’ ती उत्तरपत्रिका तिनं मला आणून दाखवली. मला तो शेरा आजही सहन होत नाही. ज्या मुलीला इंग्रजी शब्दाची घडण कळली, तिला आपण सांगतो की कॅट लिही आणि गप्प बस! आणि मग पालक विचारतात, एवढी वर्षं शिकून इंग्रजी का येत नाही? २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. स्पेलिंगं दहा-दहा वेळा लिहून घेतो, पण शब्द उघडून दाखवत नाही.

आणि आपल्या मुलांना हे अवघड का जावं? मराठीच्या तासाला ती उपसर्ग आणि प्रत्यय शिकतातच. ‘बेजबाबदारपणा’ फोडायला सांगा, बे, जबाबदार, पणा असं पाचवीतलं पोर फोडून देईल. तीच नजर इंग्रजीच्या तासाला घरी ठेवून यायची, हा नियम कुणी केला?

माझं म्हणणं एवढंच आहे. इंग्रजीतले मोठे शब्द बहुतेक जोडलेले असतात. म्हणून शब्द शोधू नका, जोड शोधा. मागे आय-एन-जी, एन-ई-एस-एस, ए-बी-एल-ई, एम-ई-एन-टी. पुढे यू-एन, आर-ई, डी-आय-एस. हे तुकडे आधी उचला.

दुसऱ्या बाजूनंही हे खरं ठरतं. कधी कोडं उलटं असतं. दोन-तीन अक्षरं देतात आणि ती ज्यात लागोपाठ येतात असा शब्द मागतात. एच आणि लगेच क्यू, सांगा बरं! अशक्य वाटतं ना? ‘अर्थक्वेक’. ‘अर्थ’ संपताना एच आहे, ‘क्वेक’ सुरू होताना क्यू. डब्ल्यू-के-डब्ल्यू? ‘ऑकवर्ड’. ‘कॅचफ्रेज’मध्ये तर टी-सी-एच-पी-एच-आर अशी सहा व्यंजनं रांगेनं उभी आहेत, आणि कॅच कुठे संपला ते दिसलं की सहाचं काही वाटत नाही. विचित्र अक्षरं शेजारी आली की समजा, जोड तिथेच आहे.

आता थोडं इतिहासाचं. फ्रान्समध्ये १९६५ साली आर्मां जामो यांनी टीव्हीवर याच खेळाचा कार्यक्रम सुरू केला, त्याचं नावच ‘सर्वात लांब शब्द’ अशा अर्थाचं होतं. त्यावरून ब्रिटनमध्ये ‘काउंटडाउन’ आला. २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनल फोर सुरू झालं, तेव्हा त्यावरचा पहिला कार्यक्रम हाच. नऊ अक्षरं, तीस सेकंद. जितकी अक्षरं तितके गुण, पण नवाक्षरी शब्दाला दुप्पट, म्हणजे अठरा! बघा, तिथे लांबीची किंमत आहे.

आणि स्क्रॅबल, अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून शब्द जुळवायचा खेळ. तो ज्यांनी घडवला ते आल्फ्रेड बट्स न्यूयॉर्क राज्यातले वास्तुविशारद. १९३० च्या दशकातल्या मंदीत काम गेलं, तेव्हा हा गृहस्थ वर्तमानपत्रांची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसला. त्यावरून खेळातल्या सोंगट्या ठरल्या. ई बारा आहेत. आणि एस? फक्त चार! इंग्रजीत एस काही इतका दुर्मीळ नाही. पण कुठल्याही शब्दाला मागून एस चिकटवून अनेकवचन करता येतं आणि खेळ सोपा होतो, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणजे खेळ घडवणाऱ्यालाही शेवटच्या जोडाची ताकद माहीत होती. हातातल्या सातही सोंगट्या एका दमात लावल्या तर पन्नास गुण जास्त मिळतात, ते मिळवणारे खेळाडू काय करतात? आय-एन-जी हातात आलं की जपून ठेवतात.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. संगणक राहिला, तर भराभर सांगतो.

नऊ वेगळी अक्षरं किती प्रकारे मांडता येतील? ३,६२,८८०. एकेक मांडणी शब्दकोशात बघायची, तर नको तो उद्योग. त्यापेक्षा शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमानं लावून ठेवायची. एज्युकेशनची झाली ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. कॉशन्डचीही तीच, ऑक्शन्डचीही तीच. तिघं एकाच खणात. आता तुमची अक्षरं वर्णक्रमानं लावा आणि खण उघडा. नवाक्षरी नसेल तर आठ अक्षरांचे गट, मग सातांचे. सगळे गट धरले तरी ५११. साडेतीन लाखांचं काम पाचशेवर आलं! आणि शब्द वर्णानुक्रमे लावा, हाही प्रश्न त्याच कृतिपत्रिकेत असतो. दोन्ही प्रश्न एकाच पानावर, आणि त्यांचं नातं मुलांना कुणी सांगत नाही.

दिलेली अक्षरं कुठेही असलेले शब्द हवे असतील, तर मूळ संख्या घ्या. ए म्हणजे २, बी ३, सी ५, असं करत टी येतो ७१. अक्षरांचा गुणाकार करा. सी, ए, टी झाले ७१०. ज्या शब्दाच्या गुणाकाराला ७१० नं नि:शेष भाग जातो, त्यात ही तिन्ही अक्षरं आहेत, क्रम कुठलाही असो. एज्युकेशनला जातो, करून बघा. आकडा मोठा येईल, पण जातो.

उठायची खूण झाली. घरी न्यायला एक देतो. ए, डी, ई, जी, आय, एन, ओ, आर, एस. नवाक्षरी शब्द दोन तरी निघतात. एकात ई-डी शेवटी ठेवायचं आहे, दुसऱ्यात शेवटी ओ-एस-ई. मोबाइल काढू नका, कागद काढा, आणि उजवीकडून लिहायला लागा.