मुख्याध्यापकांच्या खिशातली टेप

‘विशेष शाळेचे मुख्याध्यापक आणि समाज’ असा माझ्या भाषणाचा विषय पत्रिकेत छापला आहे. समाजाकडे येतोच, पण आधी खुर्ची. मुख्याध्यापकांची नव्हे, चाकांची.

विशेष शाळेच्या अडगळीच्या खोलीत डोकावलात तर व्हीलचेअर बहुधा सापडतील. कोऱ्या करकरीत, काहींचं प्लॅस्टिकही न काढलेलं. देणाऱ्यांनी दिल्या, फोटो झाला, खुर्च्या आत गेल्या. कारण सगळ्या एकाच मापाच्या, मोठ्या माणसाच्या. म्हणून माझा हट्ट असा, की या पदावरच्या माणसाला भाषणाआधी शिंप्याची टेप धरता यावी.

प्रौढांच्या खुर्चीची बैठक साधारण 18 इंच, म्हणजे 45 सेंटिमीटर रुंद. आठ वर्षांच्या मुलाला बसल्यावर लागते त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. उरलेल्या जागेत मूल एका अंगाला कलतं, कोपरावर भार टाकतं, आणि कणा रोज त्याच बाजूला झुकत राहतो. चाकापर्यंत हात पोचत नाहीत ते वेगळंच. मग कडेला उशा कोंबतात. उशी तासाभरात चेपते, घसरते.

रुंदीपेक्षा बैठकीची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी, जास्त फसवते. पाठ नीट टेकल्यावर गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटं जागा हवी. बैठक लांब असली की कड पोटरीला टोचते, मूल पुढे सरकतं, पाठीला पोक येतं, भार माकडहाडावर जातो. तेच मूल जेवताना ठसकतं आणि आपण नोंदवहीत लिहितो, ‘गिळताना त्रास’. अहो, आधी बसवा तरी नीट! पाय ठेवायची पाटी खाली असेल तर पाय लोंबकळतात, पुन्हा घसरणं सुरू. आणि मुलं वाढतात, त्यामुळे सहा महिन्यांनी सगळी मापं परत. फोटोवाले तेव्हा येत नाहीत.

हे बारीकसारीक काम मुख्याध्यापकांनी कशाला करायचं, असं कुणी पुटपुटलं वाटतं. 1837 साली बोस्टनच्या अंधशाळेत लॉरा ब्रिजमन ही न दिसणारी, न ऐकू येणारी सात वर्षांची मुलगी आली. शाळेचे प्रमुख सॅम्युएल हाउ यांनी चमचा, किल्ली अशा रोजच्या वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून तिला शिकवायला घेतलं. शाळेच्या प्रमुखाच्या हातात चमचा होता, एवढंच सांगतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. तर समाज. मुलाला दुकानात न्या, पण खरेदी शेवटाकडून शिकवा. आधी फक्त सुटे पैसे पाकिटात टाकणं त्याचं, बाकी शिक्षकांचं. ते जमलं की सुटे हातात घेणं, मग नोट पुढे करणं, असं मागे मागे या. म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचाच. दुकानदाराला तीनच गोष्टी सांगा: मुलाकडे बघून विचारा, मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा, सुटे सोबत्याच्या हातात देऊ नका. गर्दीची वेळ टाळा.

हे बहुतेक वेळा बिघडतं ते शिक्षकामुळे. तो शेजारी उभा राहून पुटपुटतो, आणि मूल दुकानदाराऐवजी त्याच्या तोंडाकडे बघायला शिकतं. म्हणून एक पाऊल मागे उभे राहा, जमेल तसं अंतर वाढवा. आणि एका दुकानात जमलं की दुसऱ्यात न्या, मग तिसऱ्यात. नाहीतर मूल खरेदी शिकत नाही, ते दुकान शिकतं.