ब्लेड नवीन, पण टेस्ट?

ठाणे, वागळे इस्टेट. रविवार असल्यामुळे सलूनमधे गर्दी. खुर्चीत बसलेला माणूस मान टेकवायच्या आधीच म्हणतो, "दादा, ब्लेड नवीन लाव हां." कारागीर त्याच्यासमोर पुडी फोडतो, ब्लेडचे दोन तुकडे करतो, अर्धं पातं वस्तऱ्यात सरकवतो.

ही सवय आपल्याला एड्सच्या भीतीने लागली आणि चांगलंच झालं, कारण हिपॅटायटिस बीचा, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या आजाराचा, व्हायरस एचआयव्हीपेक्षा ५० ते १०० पट जास्त सहज पसरतो, वाळलेल्या रक्तातही तो ७ दिवस तग धरू शकतो.

पण याच माणसाला विचारा, बीची टेस्ट केलीय का? "मला कुठे कावीळ झालीय?"

इथेच सगळं अडतं. आपल्या डोक्यात एकच चित्र फिट आहे, पावसाळा, बाहेरचं पाणी, पिवळे डोळे, मग उसाचा रस आणि गळ्यात काविळीची माळ. काड्या वाळतात, दोरा सैल होतो, माळ पोटापर्यंत येते आणि घरातले म्हणतात, उतरली बघ. पाण्यातून होणारा हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांचा आपोआपच बरा होतो, क्रेडिट मात्र माळेला. गरोदर बाईला ई झाला तर जिवावर बेतू शकतं, तिथे माळेत एक दिवसही घालवू नका, प्लीज.

बी आणि सी मात्र रक्तातून येतात आणि वर्षानुवर्षं गप्प बसतात, डोळे पांढरेशुभ्र, भूक व्यवस्थित, आत लिव्हर खराब होत असतं. अमिताभ बच्चनना १९८२च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून बी झाला, कळलं खूप वर्षांनी, तोवर ७५ टक्के लिव्हर गेलेलं, हे ते स्वतः जाहीरपणे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मधे भारतात जवळपास ३ कोटी लोकांना बी होता, ५५ लाखांना सी.

टेस्टला लोक घाबरतात ते रिपोर्टपेक्षा शेजारपाजारच्यांना जास्त. अहो, एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने बी-सी होत नाही! सीवर लस नाही, पण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण पूर्ण बरे होतात आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हे उपचार फुकट आहेत. बीवर लस आहे, बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत, मोठ्यांना आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. तो शेवटचा डोस लोक हमखास विसरतात, तेव्हा पहिला घेतलात की तिथेच मोबाईलमधे तारीख टाका.