गुण मोजणाऱ्याच्या वहीतून: आंतरक्लब सागरी शीडशर्यतींचा इतिहास

पाऊस ओसरला की मुंबईत शिडाच्या होड्यांचा हंगाम उघडतो, तो मेपर्यंत चालतो. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा, म्हणजे या शहराला शर्यतींची सवय जुनी आहे. बंदराच्या आत एकाच बनावटीच्या होड्या पळवल्या तर जो आधी पोचला तो जिंकला, विषय संपला. पण चार क्लबांच्या चार आकारांच्या नौका बाहेर समुद्रात काढायच्या, प्रत्येक क्लबाने एकेक शर्यत भरवायची आणि हंगामाअखेर एकच विजेता ठरवायचा, हे काम निराळं आहे. त्याचा इतिहास आज गुण मोजणाऱ्याच्या वहीतून सांगायचा आहे, कारण भांडणं तिथेच झाली आणि नियमही तिथेच बदलत गेले.

खोल समुद्रातल्या हौशी शर्यतींची सुरुवात १९०६ च्या बर्म्युडा शर्यतीपासून धरतात. न्यूयॉर्कहून तेव्हा अवघ्या तीन नौका निघाल्या होत्या. १९२५ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथला येण्याची शर्यत झाली. तिच्यात सात नौका होत्या आणि ‘जोली ब्रीझ’ जिंकली. या मात्र सुट्या शर्यती होत्या. आपल्या विषयाला जवळचं उदाहरण फ्लोरिडाचं आहे. सेंट पीटर्सबर्ग ते हवाना ही शर्यत १९३० ची, मायामी ते नसाऊ १९३४ ची. १९४१ पासून तिथल्या शर्यती एका मालिकेत ओवल्या गेल्या आणि सगळ्यांचे गुण एका तक्त्यात आले. पुढे क्युबात क्रांती झाली, हवानाचा मार्ग बंद पडला, तरी मालिका टिकली. एक शर्यत गळाली तर तिच्या जागी दुसरी घेता येते, ही मालिकेची मोठी सोय.

तक्ता एक झाला की पहिला प्रश्न रेटिंगचा, म्हणजे नौकेच्या वेगावरून तिला द्यायच्या सवलतीच्या आकड्याचा. लांब नौका पाण्यात मुळातच जास्त वेगाने जाते, तेव्हा लहान नौकेला किती सवलत द्यायची? फूटपट्टीने मोजून सवलत ठरवली की आरेखनकार फूटपट्टीलाच फसवायला शिकतात. १९७० च्या सुमारास आलेल्या आयओआर (इंटरनॅशनल ऑफशोअर रूल) या मोजमापाच्या नियमात हे ठळक दिसलं. जिथे माप घेतात नेमका तिथेच सांगाड्याला फुगवटा आणि मागची बाजू चिमटलेली, अशा नौका निघाल्या. कागदावर त्या संथ ठरायच्या, पण जोराच्या पाठवाऱ्यात त्यांना सुकाणूवर धरून ठेवणं कठीण जायचं. क्लबांच्या पातळीवर म्हणूनच पीएचआरएफ (परफॉर्मन्स हँडिकॅप रेसिंग फ्लीट) सारखी पद्धत रुजली. तिच्यात त्या बनावटीच्या नौकांची प्रत्यक्ष कामगिरी पाहून समिती ‘मैलाला इतके सेकंद’ असा आकडा देते. यात माणसाचा अंदाज येतो, पण चूक दिसली तर पुढच्या हंगामात आकडा बदलता येतो. आंतरक्लब मालिकेला हीच पद्धत सोसते, असं माझं मत आहे.

आकडे मांडून पाहू. शर्यत २४ सागरी मैलांची. मोठ्या नौकेचं रेटिंग ९६, लहानीचं १५०. मोठी ४ तास ४० मिनिटांत आली, लहान ५ तासांत. मोठीची सवलत ९६ गुणिले २४, म्हणजे ३८ मिनिटे २४ सेकंद. लहानीची बरोबर एक तास. सवलत वजा केली की मोठीचे ४ तास १ मिनिट ३६ सेकंद उरतात, लहानीचे ४ तास. लहान नौका दीड मिनिटाच्या फरकाने जिंकली.

आता वारा पडला आणि मोठ्या नौकेलाच ८ तास लागले असं समजा. अंतर तेच, म्हणून सवलतीतला फरकही तोच, २१ मिनिटे ३६ सेकंद. पण इतक्या वेळात लहान नौका त्याहून बरीच मागे पडते. यासाठी अंतराऐवजी लागलेल्या वेळेवरून सवलत काढायची दुसरी रीत आहे: ६५० ला ५५० अधिक रेटिंग याने भागायचं आणि येणाऱ्या गुणकाने लागलेला वेळ गुणायचा. या हिशेबाने ८ तासांच्या शर्यतीत लहान नौकेला साधारण ४० मिनिटे मिळतात. कुठली रीत लावणार हे शर्यतीच्या सूचनापत्रात आधीच छापलेलं हवं. निकाल पाहून रीत निवडली तर पुढच्या वर्षी त्या क्लबाच्या नौका येणार नाहीत.

मुंबईत याहून मोठी अडचण भरती-ओहोटीची. ‘जाताना प्रवाह विरुद्ध, येताना बरोबर, म्हणजे फिटंफाट’ असं अनेक जण धरून चालतात. ते चूक आहे. एक नौका ५ नॉटची (म्हणजे ताशी ५ सागरी मैल जाणारी), दुसरी ४ नॉटची, टप्पा ६ मैलांचा, प्रवाह २ नॉटचा. प्रवाह नसेल तर जाऊन-येऊन दोघींत ३६ मिनिटांचा फरक पडतो. प्रवाह धरला तर विरुद्ध जाताना पहिलीला २ तास लागतात, दुसरीला ३. परतताना दुसरीला एक तास आणि पहिलीला सुमारे ५१ मिनिटे. एकूण फरक ६९ मिनिटांचा, जवळजवळ दुप्पट! कुठलंही रेटिंग हे भरून काढत नाही.

उपाय वेळापत्रकात आहे. आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा सगळ्यांना ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास पाणी भरतं, अष्टमीला सहाच्या सुमारास. नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यातूनच घ्यायची, पण हंगामाच्या तारखा आखताना ठोकताळा पुरतो. बंदरातून खांदेरीच्या दीपगृहाला वळसा घालून परतायचं असेल तर जाताना ओहोटी आणि येताना भरती सगळ्यांना मिळेल अशी सुरुवात ठेवावी. उधाणाचे दिवस टाळून भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, पाण्यात शर्यत घेतली तर प्रवाहाचा जोरच कमी असतो. सकाळचा मतलई वारा पडल्यापासून दुपारचा समुद्रावरचा वारा धरेपर्यंत मधला काळ निवांत जातो. त्या वेळात ओहोटी उलटली तर लहान नौका कुलाब्याच्या टोकाजवळच्या प्रोंग्जच्या खडकाशी अडकून पडतात. मार्ग आखताना आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. मोठ्या जहाजांच्या चिंचोळ्या मार्गात शिडाच्या नौकेला वाट अडवायचा हक्क नाही, शर्यत असली तरी. आणि कोळी बांधवांची डोल जाळी प्रवाहातच लावलेली असतात. नौकेच्या तळाची कील (पाण्याखालचं पातं) त्यात गुंतली तर शर्यत तर जातेच, शिवाय एका घराचं नुकसान होतं.

गुणांचं वजन हा पुढचा वाद. १९५७ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅडमिरल्स कपमध्ये तीन नौकांचा संघ असे. किनाऱ्याजवळच्या शर्यतीचे गुण एकपट, चॅनेल शर्यतीचे दुप्पट, फास्टनेटचे तिप्पट. त्यामुळे संघ लांब शर्यतीची तयारी मनापासून करत, पण तिथे डोलकाठी मोडली की सगळा हंगाम बुडे. क्लबांच्या मालिकेत दीडपटीच्या वर जाऊ नये असं मला वाटतं.

१९७९ च्या फास्टनेटने यात न मोजता येणारी बाजू पुढे आणली. ३०३ नौका निघाल्या, वादळ आलं, पंधरा शर्यतपटू गेले. चोवीस नौका माणसांनी सोडून दिल्या आणि त्यांतल्या एकोणीस नंतर तरंगत सापडल्या! नौका पुरती बुडेपर्यंत तराफ्यात उतरू नये, हे तेव्हापासून शिकवलं जातं. केबिनच्या तोंडाच्या फळ्या नौका उलटताच निसटून पडत होत्या, म्हणून त्या दोरीने बांधलेल्या आणि आतून-बाहेरून अडकवता येतील अशा हव्यात. हार्नेसची, म्हणजे अंगावरच्या सुरक्षापट्ट्याची, दोरी केबिनमधून बाहेर पाऊल टाकण्याआधीच अडकवायची. तपासणीत या दोन गोष्टी हाताने ओढून पाहाव्या, नुसती यादीवर खूण करू नये.

दुसऱ्याच्या मदतीला वळलेल्या नौकेचं काय? संकटातल्याला मदत करणं शर्यतीच्या नियमांतलं पहिलं बंधन आहे, आणि त्यात गेलेल्या वेळेची भरपाई मागता येते. मालिकेत साधारणपणे त्या नौकेला उरलेल्या शर्यतींची सरासरी देतात, एका दशांशापर्यंत. इतर चार शर्यतींत २, ३, १ आणि ४ गुण असतील तर मदतीत गेलेल्या शर्यतीचे २.५ लिहायचे.