खुंटा हातात दिला की आजी गाते

(दृश्य: अंगणाच्या कोपऱ्यात उपडं पडलेलं जातं. वर तुळशीची कुंडी ठेवलेली.)

"आजी, एखादी ओवी म्हण ना." मोबाइल समोर धरून असं म्हटलं की बहुतेक घरांत एकच उत्तर येतं: "आता कुठं आठवतंय बाई." लोकांना वाटतं आजी लाजते. पण तिला खरोखरच आठवत नसतं. ओवी तिने कविता पाठ करावी तशी पाठ केलेलीच नव्हती. पहाटे जात्यावर बसून खुंटा ओढता ओढता ओवी एका बाईकडून दुसरीकडे गेली, आणि त्या हालचालीबरोबरच अंगात राहिली. म्हणून आजीचं आयुष्य तिच्याच आवाजात जपायचं असेल, तर प्रश्नांची यादी काढण्याआधी ती कुंडी उचला आणि जातं सरळ करा.

(दृश्य: जात्याचे भाग, एकेक करून.)

जातं म्हणजे दोन गोल दगड. खालची तळी जागची हलत नाही, वरची फिरते. खालच्या तळीच्या मधोमध मेख असते. वरच्या तळीच्या भोकात एक आडवी लाकडी पट्टी बसवलेली असते, काही भागांत तिला माकडी म्हणतात. ती मेखेवर टेकते आणि वरचा दगड तोलून धरते. दाणे जातात ते याच तोंडातून. कडेच्या भोकात उभा बसतो तो खुंटा. खानदेशात या सगळ्यालाच घरोट म्हणतात. पंधरा इंच व्यासाची, तीन इंच जाडीची काळ्या दगडाची वरची तळी साधारण २५ किलो भरते. उचलायला दोन माणसं घ्या, आणि बोटं दोन दगडांच्या मध्ये जाऊ देऊ नका.

वर्षानुवर्षं पडून राहिलेलं जातं पाण्याने आणि काथ्याने घासा. साबण लावू नका. काळा दगड सच्छिद्र असतो, साबण आत मुरतो आणि वास पिठाला येतो. मग दिवसभर कडक ऊन द्या. लाकडी मेख भिजून फुगलेली असेल तर वरची तळी अडकते, म्हणून ओल्यावर फिरवायची घाई नको. उलट मेख वाळून आकसली असेल तर वरची तळी डुगडुगते, एका बाजूलाच घासते, आणि पीठ अर्धं बारीक, अर्धं जाड पडतं. त्यावर उपाय जुनाच आहे. मेखेला सुती चिंधी गुंडाळून ती घट्ट ठोकायची. खुंटा सैल असेल तर पाचर मारायची. सैल खुंट्याने तळहाताला फोड येतात, आणि म्हाताऱ्या हाताची कातडी पातळ असते.

आता तळीवर बोटं फिरवून बघा. खरखरीत लागली तर ठीक. गुळगुळीत लागली तर दाणा नुसता घसरतो, दळला जात नाही, आणि पीठ कोमट होऊन चिकटतं. अशा जात्याला टाकी लावून घ्यावी लागते. छिन्नी-हातोड्याने दोन्ही तळ्यांवर बारीक, सारख्या अंतरावर घाव घालायचे. हे काम करणारे कारागीर पूर्वी गल्लोगल्ली ओरडत यायचे. आता आठवडी बाजारात पाटे-वरवंटे विकणाऱ्यांकडे चौकशी करावी लागते. टाकी लावल्यावर पहिले दोन-तीन घास दळून सरळ फेकून द्या. त्यात दगडाची कच असते, भाकरीत ती दाताखाली येते.

(दृश्य: गोणपाटावर मांडलेलं जातं. सुपात ज्वारी.)

जात्याखाली गोणपाट, त्यावर धुतलेलं धोतर. गोणपाटाने जातं सरकत नाही, धोतरावर पीठ पडतं. ज्वारी अर्धा किलो पुरे. सवयीच्या हाताला तासाभरात दोन-तीन किलो दळता यायचं, पण इथे दळण हे निमित्त आहे. गव्हापेक्षा ज्वारी बरी, हाताला हलकी जाते. पावसाळ्यात सादळलेले दाणे घेऊ नका, तोंड चोंदतं.

पण रिकामं जातं मात्र फिरवू नका. नुसत्या अभिनयासाठी, दाणे न घालता खुंटा फिरवून घेणारे पुष्कळ आहेत, आणि तिथेच सगळं फसतं. दगडावर दगड घासला की कर्कश खरखर होते. दळणारी बाई तो आवाज ऐकून मूठ पुढे करते, तिला गाणं सुचत नाही. अर्धी मूठ वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घातली की आवाज जड होतो, घरघर एकसारखी चालते. तो आवाज तिच्या ओळखीचा आहे. वैरण जास्त झाली तर वरची तळी उचलली जाते आणि अख्खे दाणे बाहेर येतात. कमी पडली तर पुन्हा खरखर. हे प्रमाण आजीला सांगायची गरज नाही. ते तिच्याकडून बघून घ्या.

आजीचे गुडघे दुखत असतील तर तिला पाटावर बसवा, एक पाय पसरू द्या. तशीच ती पूर्वीही बसायची. समोर दुसरी बाई हवी. जोर तिने लावायचा, आजीचा हात खुंट्यावर नुसता राहिला तरी चालतो. शक्यतो ही दुसरी बाई तिच्याच वयाची असावी: बहीण, जाऊ, शेजारीण. कारण ओव्या जोडीने निघतात. एकीने माहेरची वाट म्हटली की दुसरीला भाऊ आठवतो, भावावरून भावजय, भावजयीवरून आईविना पोरकं झालेलं माहेर. नातीने खुंटा धरला तर आजी तिला शिकवायला लागते आणि गायचं राहून जातं.

(दृश्य: दोघी समोरासमोर. निवेदन थांबतं, फक्त घरघर, १० सेकंद.)

ध्वनिमुद्रणाचं तंत्र सोपं आहे, पण ते आधी ठरवा. मोबाइल जमिनीवर ठेवला तर जात्याची घरघर फरशीतून थेट माइकमध्ये शिरते आणि आजीचा आवाज मागे पडतो. घडी घातलेल्या गोधडीवर किंवा उंच डब्यावर कापड टाकून मोबाइल ठेवा, आजीच्या तोंडापासून दीड-दोन फुटांवर, माइक तिच्याकडे आणि पाठ जात्याकडे. विमान मोड लावा, पंखा बंद करा, कुकरची वेळ टाळा. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं काहीच आलं नाही तरी बटण बंद करू नका. पहिल्या ओव्या बऱ्याचदा देवाच्या असतात: पहिली गणपतीची, दुसरी पंढरीची, अशी मोजणी चालते. त्या जवळपास सगळ्याच बायकांना येतात. तिच्या स्वतःच्या ओव्या त्यानंतर सुरू होतात.

एक खबरदारी इथेच सांगायला हवी. आजीने म्हटलेली प्रत्येक ओवी म्हणजे तिच्यावर घडलेली गोष्ट नव्हे. सासूचा जाच, सवतीचं दुःख, भावाने साडीचोळी न करणं, या ओव्या साऱ्या गावाच्या असतात. तिला त्या आईकडून, मावशीकडून, मोठ्या जावेकडून मिळालेल्या असतात. कित्येकदा जुन्याच ओवीत ती फक्त स्वतःच्या भावाचं नाव बसवते. राघू आणि मैना म्हणजे मुलगा आणि मुलगी, चुडा म्हणजे नवरा, बया म्हणजे आई. हे ठाऊक नसेल तर अर्ध्या ओव्या पक्ष्यांच्या वाटतात. तिचं स्वतःचं काय, ते तिच्या निवडीत बघा. पंधरा ओव्या आईच्या आणि नवऱ्याची एकच असेल, तर तेही नोंदवा. अर्थ लावायची घाई करू नका.

ही परंपरा किती जुनी? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या इ. स. ११२९ च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. कांडताना, म्हणजे उखळावर. जातं, उखळ, ताकाची रवी, सगळीकडे गाणं होतं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून दाखवलं जाणारं जातं आजही लोक फिरवून बघतात.

मग गावोगाव पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या पाठीचं रोजचं ओझं उतरलं. त्याबद्दल हळहळणाऱ्यांनी पहाटे तीनला उठून पायलीभर ज्वारी दळून बघावी. पण गिरणीबरोबर गाण्याची जागाही गेली, हेही तितकंच खरं.

(दृश्य: वहीच्या पानावर हाताने लिहिलेल्या ओव्या.)

ती जागा जात असतानाच पुण्यातून एक मोठं काम सुरू झालं. १९८० च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासक-कार्यकर्त्यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे कार्यकर्त्यांच्या मदतीने महाराष्ट्रभरातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९० च्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या साथीने ध्वनिमुद्रणही झालं. सीता, पंढरी, आई, लेक, पाऊस, आणि दलित बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या कितीतरी ओव्या त्यात आहेत. हा संग्रह आता 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'परी'च्या संकेतस्थळावर येतो आहे.

घरच्या कामालाही या मंडळींचाच कित्ता चालेल. ज्या दिवशी मुद्रण, त्याच दिवशी लेखन. दात नसलेल्या तोंडातले शब्द आठवड्याने ऐकले तर लागत नाहीत. लिहिलेलं आजीला वाचून दाखवा, ती लगेच टोकते. तिने 'व्हतं' म्हटलं असेल तर 'होतं' लिहू नका, आणि मात्रा बसत नाहीत म्हणून शब्द गाळू नका. सूर लांबवून ती बसवते. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, आजीचं नाव, माहेरचं आणि सासरचं गाव घाला. शेजारी कोण बसलं होतं तेही वहीत लिहा. एक प्रत मोबाइलमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक घरातल्या दुसऱ्याच माणसाकडे.

आणि कौटुंबिक गटावर टाकण्याआधी तिला विचारा. सुनेसमोर न म्हणण्याच्या, सासरच्या माणसांवरच्या तिखट ओव्या जात्यावर हमखास निघतात. बायका त्या म्हणत होत्या, कारण पहाटे तिथे दुसरं कुणी जागं नसायचं.

जातं फिरवणं अजिबातच शक्य नसेल तर घरातल्या लग्नाची वाट बघा. हळद दळायला, घाणा भरायला जातं अजून काढतात. खुंट्याला हळकुंड बांधतात, सुवासिनी जमतात, आणि वर्षानुवर्षं गप्प असलेल्या दोघी-तिघी एकदम सुरू होतात. तेव्हा मोबाइल चार्ज केलेला असू द्या, आणि ढोल-ताशावाल्यांना तासभर उशिरा बोलवा.

आजीच राहिली नसेल, तर तिची धाकटी बहीण, तिच्याबरोबर दळणारी शेजारीण शोधा. त्याही नसतील तर 'परी'वरच्या ओव्या चाळा. तिथे गायिकेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. सासरच्या गावाने काही मिळालं नाही, तर आजीच्या माहेरचं आणि त्याच्या आसपासच्या गावांचं नाव बघा. मुली लग्न होऊन गेल्या तशा ओव्याही त्यांच्याबरोबर गेल्या, त्यामुळे तिने जी ओवी म्हटली असेल ती शंभर मैलांवरच्या एखाद्या बाईच्या आवाजात सापडू शकते.