शेफील्डची तेरा वर्षे

उत्तर इंग्लंडमधील शेफील्ड हे पोलादासाठी आणि सुऱ्या-काट्यांसाठी जगभर ओळखले जाणारे शहर. २३ सप्टेंबर १९८४ रोजी रात्री बीबीसी टू या वाहिनीवर प्रेक्षकांनी या शहराचा अणुयुद्धातील विध्वंस पाहिला आणि त्यानंतरची तेरा वर्षेही पाहिली. चित्रपटाचे नाव होते ‘थ्रेड्स’. त्याचे लेखक बॅरी हाइन्स त्याच परिसरातील खाणकामगारांच्या गावात वाढले होते, तर दिग्दर्शक मिक जॅक्सन यांनी अण्वस्त्राच्या परिणामांवर दोनच वर्षांपूर्वी एक माहितीपट केला होता.

रूथ बेकेट गरोदर आहे, जिमी केम्पशी तिचे लग्न ठरले आहे आणि दोघे मिळून नव्या फ्लॅटच्या भिंतींवरचा जुना कागद खरवडत आहेत. इराणमध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ समोरासमोर आल्याच्या बातम्या पबमधल्या आणि घरातल्या टीव्हीवरून त्यांच्या कानावर पडत असतात. पण संसाराची जुळवाजुळव करणाऱ्या माणसांना त्या लक्ष देऊन ऐकायला सवड नसते.

ब्रिटिश सरकारने १९८० मध्ये ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही पुस्तिका पन्नास पेन्सला विक्रीस ठेवली होती. घराची दारे बिजागऱ्यांतून काढून भिंतीला तिरकी टेकवावीत, त्यांवर गाद्या आणि मातीच्या पिशव्या रचाव्यात आणि किरणोत्सारी धूळ निवेपर्यंत, म्हणजे चौदा दिवस, घरातच राहावे, असा तिचा सल्ला होता. जिमीचे आईवडील नेमके याच तयारीला लागतात. चित्रपट त्यांची चेष्टा करत नाही. सांगितले तसे वागणाऱ्या माणसांचे पुढे काय होते, एवढेच तो दाखवतो, आणि त्यामुळे पुस्तिकेतील प्रत्येक सूचना असह्य होत जाते.

हल्ला सकाळी होतो. आधी हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त होतो, मग शहर. ब्रिटनवर एकूण २१० मेगाटन क्षमतेची अस्त्रे पडली असे गृहीत धरलेले आहे. जिमी रूथकडे धावत सुटतो आणि पुन्हा कधीच दिसत नाही. त्याचे काय झाले हे रूथला कळत नाही, म्हणून आपल्यालाही सांगितले जात नाही. तेव्हा चित्रपटाचा अर्ध्याहून अधिक भाग अजून उरलेला असतो.

नगरपालिकेच्या इमारतीखालील तळघरात आपत्कालीन समिती बसलेली आहे. युद्ध झाले तर याच मंडळींनी शहराचा कारभार पाहायचा, अशी व्यवस्था आहे. वरची इमारत कोसळते, बाहेर पडायची वाट बुजते आणि आत मात्र बैठक चालूच राहते: धान्य किती आहे, ते कोणाला द्यायचे, मरणारच असलेल्यांवर ते खर्च करायचे का. माझ्या मते हे प्रसंग चित्रपटाचा कणा आहेत. येथे कोणी खलनायक नाही. सिगारेटी ओढत, एकमेकांवर चिडत, आपल्या वाट्याचे काम करणारे साधे अधिकारी आहेत. सैनिक ढिगारा उपसून तिथवर पोहोचतात, तेव्हा आत कोणीही जिवंत नसते.

हे सारे आपल्याला सांगतो तो पॉल व्हॉन यांचा आवाज. ब्रिटिश प्रेक्षकांना तो ‘होरायझन’ या विज्ञानमालिकेमुळे घरचाच होता. निवेदनाचे काम करणाऱ्या कोणालाही हे ऐकताना थोडे अस्वस्थ व्हायला होते, कारण हा आवाज कोठेही हलत नाही; मृतांचा अंदाज तो जितक्या सहजपणे सांगतो, तितक्याच सहजपणे पिकांविषयीही बोलतो.

पिकांचा प्रश्न पुढे मुख्य होतो. जळत्या शहरांची काजळी वातावरणात पसरून सूर्यप्रकाश अडवेल आणि तापमान घसरेल, हे संशोधन कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले होते. वर्ष व्हायच्या आतच ‘थ्रेड्स’ने ते पडद्यावर आणले. इंधन नाही, खत नाही; माणसे अंधारल्या शेतांत हातांनी कापणी करतात. पुढे ओझोनचा थर विरळ झाल्याने त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतात. रूथ अकाली म्हातारी होऊन मरते, आणि तिची दहा वर्षांची मुलगी जेन रडतही नाही.

जेनच्या पिढीची भाषा तुटकी आहे. मुलांना शिकवायला एक जुनी, खराब झालेली व्हिडिओफीत लावली जाते आणि ती त्यातले शब्द अर्थाविना पुटपुटतात. शेफील्डच्या नाशाची दृश्ये मला एकदा पाहून झेपली. हा वर्ग मात्र पुन्हा पाहवत नाही.

बीबीसीने असा विषय पूर्वीही हाताळला होता. पीटर वॉटकिन्स यांचा ‘द वॉर गेम’ १९६५ मध्ये तयार झाला, पण तो फार भयंकर असल्याचे सांगून त्याचे प्रसारण रोखण्यात आले. चित्रपटगृहांतून दाखवला गेल्यावर त्याला ऑस्करही मिळाले, तरी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर तो आला नाही. हिरोशिमाला चाळीस वर्षे होत असताना, ३१ जुलै १९८५ रोजी, तो अखेर प्रसारित झाला, आणि दुसऱ्याच रात्री बीबीसी वनवर ‘थ्रेड्स’ पुन्हा दाखवण्यात आला.